मेकोम गाव आणि त्याची लेखिका

हार्पर ली ह्यांच्या 'टु किल अ मॉकिंगबर्ड' ह्या कादंबरीचे नाव निघाले की सुशिक्षित वाचकास प्रथम आठवतो तो वकील ॲटिकस फिंच. कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. १९६१ साली तीस पुलित्झर पारितोषिक मिळाले. आणि १९६२ सालच्या चित्रपटात ग्रेगरी पेक ह्यांनी ॲटिकसची भूमिका अशी काही वठविली की तेव्हापासून हा वकील कादंबरीतून उठून थेट देव्हाऱ्यात जाऊन बसला. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकाही बहुधा त्याच्या आरतीनेच सुरू होतात. आमचे मत थोडे निराळे आहे. ह्या कादंबरीचा खरा नायक वकील नव्हे. तो मान मेकोम ह्या गावाचा आहे. आणि गावाकडे पाहू लागले म्हणजे ॲटिकसही वेगळा दिसू लागतो.

मेकोम हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा संस्थानातले एका काउंटीचे मुख्य ठाणे. काउंटी म्हणजे ढोबळपणे आपल्याकडील तालुक्यासारखा मुलूख. कचेरी, न्यायालय व तुरुंग जेथे असतील ते तिचे ठाणे. हे ठाणे येथेच का झाले, ह्याची बाईंनी दिलेली हकिकत मोठी मजेदार आहे. काउंटीचा मध्य शोधून काढण्यास सरकारी मोजणीदार आले असता सिंकफील्ड नावाच्या गुत्तेवाल्याने त्यांस यथेच्छ पाजले, नकाशे बाहेर काढावयास लावले, आणि इकडची जमीन छाटून तिकडे थोडी जोडून काउंटीचा मध्य आपल्या गुत्त्याच्या दाराशी आणून ठेवला. निरोप देताना गव्हर्नरसाहेबांसाठीही मद्य बरोबर दिले! परिणाम असा झाला की गाव नदीपासून दूर पडले, व्यापार वाढला नाही, नवे लोक आले नाहीत, आणि त्याच त्या घराण्यांत सोयरिकी होऊन सगळ्यांचे तोंडवळे सारखे दिसू लागले. ज्या कचेरीत पुढे एका माणसाच्या जीविताचा निवाडा व्हावयाचा आहे, तिच्या जागेचाच निवाडा असा झालेला! बाई ह्यावर काही भाष्य करीत नाहीत, हे त्यांच्या विनोदाचे बळ होय.

१९३०नंतरच्या मंदीच्या वर्षांतले हे गाव त्यांनी सहा ते नऊ वर्षांच्या स्काउट नावाच्या मुलीच्या नजरेने दाखविले आहे. वकिलाची फी रोख देता येत नाही म्हणून सरपण, अक्रोडासारखी फळे व पालेभाजी आणून टाकणारा मानी शेतकरी कनिंगहॅम; कागदी पिशवीत बाटली लपवून दारुड्याचे सोंग करणारा, पण आत नुसते कोकाकोला पिणारा डॉल्फस रेमंड; कचेरीच्या आवारात झाडाखालच्या बाकांवर बसून न्यायालयाच्या कामकाजावर अधिकारवाणीने बोलणारे म्हातारे. रेमंडचे सोंग विशेष मार्मिक आहे. तो काळ्या स्त्रीबरोबर संसार करतो, ही गोष्ट गावास सहन होत नाही. दारूच्या नशेत करतो म्हटले की सहन होते. गावाला कारण लागते, म्हणून तो गावाला कारण पुरवितो. अशा एका पात्रात लहान गावाचे जेवढे मानसशास्त्र आले आहे, तेवढे मोठमोठ्या प्रबंधांत येत नाही.

आणि तो चहापानाचा प्रसंग! फिंचांच्या दिवाणखान्यात मिशनमंडळाच्या बायका जमल्या आहेत. दूरच्या रानटी जमातीच्या दैन्याच्या कथा सांगताना एकीचे डोळे भरून येतात, आणि लगेच तीच बाई, खटल्यानंतर आपली काळी मोलकरीण तोंड पाडून काम करते, म्हणून कुरकुर करते. तेवढ्यात ॲटिकस येऊन टॉम रॉबिन्सन तुरुंगातून पळताना मारला गेल्याचे सांगतो, आणि त्याच्या बायकोकडे जाण्यासाठी घरची स्वयंपाकीण कॅल्पर्निया हिला बरोबर नेतो. येथे वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॅल्पर्निया निघून जाते, पण निवेदन दिवाणखान्यातच राहते. स्काउट खाद्याची तबके फिरविते. विधवेच्या अंगणात काय घडले ते आपणांस मागाहून कळते, तेही दुसऱ्या एका मुलाच्या तोंडून.

हे सहज झालेले नाही. सबंध कादंबरीची बैठकच अशी आहे. एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याच्या खोट्या आरोपावरून टॉमवर खटला चालतो तेव्हा खाली जागा न मिळाल्याने वकिलाची मुले काळ्या लोकांसाठी असलेल्या सज्जात जातात, आणि चार काळी माणसे उठून त्यांस पुढच्या रांगेतील जागा देतात. तेथून दिसणारे न्यायालय बाईंनी अप्रतिम रंगविले आहे. पण ज्या चौघांनी जागा सोडली त्यांस तेथून काय दिसत होते? सज्जातील लोक ॲटिकसच्या सन्मानार्थ उभे राहतात, आणि कथा खाली उतरून फिंचांच्या घरी परत येते.

अपवाद एकच. कॅल्पर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी पहिल्या कमाईतून विकत घेतलेले ते चर्च. वाचता येणारे मोजकेच, म्हणून एकाने ओळ सांगावी व बाकीच्यांनी ती गावी. तेथे ती आपल्या लोकांच्या बोलीत बोलते, आणि ती दोन भाषा बोलते हे मुलांस त्या दिवशी प्रथम कळते. परतताना स्काउट विचारते, कधी तुझ्या घरी येऊ का? केव्हाही ये, असे ती सांगते. स्काउट तिच्या घरी गेल्याचा प्रसंग मात्र ह्या कादंबरीत कोठेही नाही. तो आहे 'गो सेट अ वॉचमन'मध्ये.

हे पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले तेव्हा वाचकवर्गात मोठा गहजब उडाला, कारण त्यात सव्वीस वर्षांची झालेली स्काउट आपल्या बापाला वर्णभेदाच्या समर्थकांच्या सभेत बसलेला पाहते. तेही त्याच कचेरीत, त्याच सज्जातून. देवाची मूर्ती फोडली, असे लोकांस वाटले. आम्हांस तसे वाटत नाही. मूर्ती लेखिकेने नव्हे, वाचकांनी घडविली होती. पहिल्या कादंबरीतही ॲटिकस गावचाच माणूस आहे. विधिमंडळावर तो बिनविरोध निवडून येतो. कू क्लक्स क्लॅनविषयी मुलांशी बोलताना ती एके काळची राजकीय संघटना होती अशा सुरात विषय आवरता घेतो. गावाने मान्य केलेल्या सौजन्याच्या मर्यादेत त्याने धैर्य दाखविले, आणि ते खरे धैर्य होते. परंतु मर्यादा गावाची होती.

कलाकृती ह्या नात्याने 'वॉचमन' दुबळे आहे. भाषणे लांबलचक, चुलत्याचा उपदेश कंटाळवाणा, शेवट घाईचा. पण त्यातील एक प्रकरण पहिल्या पुस्तकातील कोणत्याही प्रकरणापेक्षा आम्हांस अधिक बोचले. कॅल्पर्नियाच्या नातवाच्या मोटारीखाली एक गोरा माणूस मेलेला असतो, आणि स्काउट तिला भेटावयास तिच्या घरी जाते. जिने हिला आईविना वाढविले ती म्हातारी परक्या गोऱ्या पाहुणीशी बोलावे तशी अदबीने बोलते. तू आमचा द्वेष करीत होतीस का, असे स्काउट विचारते. बऱ्याच वेळाने म्हातारी मानेनेच नाही म्हणते. आता चमत्कार असा की हे पुस्तक १९५०नंतरच्या दशकात आधी लिहिले गेले. 'मॉकिंगबर्ड' त्याच्यापासून पुढे घडले. म्हणजे ती भेट बाईंस सुचली नव्हती असे नव्हे. ती लिहून झाली होती, आणि मग गाव लहान मुलीच्या नजरेने पाहावयाचे ठरल्यावर ती गळाली. नजर बदलल्याने कादंबरी सुंदर झाली ह्यात शंका नाही; तिची किंमत कोणी दिली, हे विचारणेही टीकाकाराचे काम आहे.

मेकोमचा मूळ नमुना म्हणजे बाईंचे जन्मगाव मन्रोव्हिल. तेथेच १९२६ साली त्या जन्मल्या व २०१६ साली वारल्या. त्यांचे वडील ए. सी. ली वकील होते, आणि १९१९ साली त्यांनी ज्या दोन काळ्या आरोपींचा बचाव केला ते दोघेही फासावर गेले. जुन्या कचेरीचे आता संग्रहालय झाले आहे, आणि गावकरी स्वतः तेथे टॉमच्या खटल्याचे नाटक अनेक वर्षे करीत आले आहेत. ह्याच काउंटीत १९८७ साली वॉल्टर मॅकमिलियन ह्या काळ्या गृहस्थास एका गोऱ्या तरुणीच्या खुनाबद्दल पकडण्यात आले. खुनाच्या वेळी तो घरी होता असे त्याच्या वस्तीतील अनेक माणसे सांगत होती. १९८८ साली ज्यूरीने जन्मठेप सुचविली असता न्यायाधीशाने ती बदलून देहान्त शिक्षा दिली. अखेर तो निर्दोष ठरून १९९३ साली सुटला. त्याचे वकील ब्रायन स्टीव्हन्सन ह्यांनी ही हकिकत 'जस्ट मर्सी' (२०१४) ह्या पुस्तकात दिली आहे, आणि कादंबरीचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या गावातच हे घडावे ह्याची नोंदही केली आहे. मॅकमिलियनच्या वस्तीत, त्याच्या नातेवाइकांच्या दाटीत बसून ते ज्या साक्षी ऐकतात, त्या वाचताना मेकोमच्या सज्जातील माणसे प्रथमच बोलू लागल्यासारखी वाटतात.

वाचकांनी 'मॉकिंगबर्ड' वाचलेच असेल. नसल्यास आधी तेच वाचावे, आणि मुलांच्या हाती निःशंक द्यावे. नंतर 'वॉचमन'मधील कॅल्पर्नियाच्या भेटीचे प्रकरण तेवढे वाचून पहिल्या पुस्तकातील चर्चचे प्रकरण पुन्हा उघडावे. स्टीव्हन्सन ह्यांचे पुस्तक त्यानंतर. त्यास सवड थोडी अधिक लागेल.