पाटी आणि चित्र

गेल्या हिवाळ्यात आमच्या परिचयाच्या एका तरुण छायाचित्रकाराने आपली काही कागदी छायाचित्रे आम्हांस पाहावयास दिली. हे गृहस्थ अर्जुनी मोरगावचे. गोंदिया जिल्ह्यात सडक अर्जुनी हे दुसरेही तालुक्याचे गाव असल्यामुळे या अर्जुनीस मोरगावाची जोड दिल्यावाचून तिची ओळख पटत नाही. लग्नकार्यांची छायाचित्रे काढणे हा या गृहस्थांचा चरितार्थ आणि जवळच्या नवेगावबांधचा तलाव हे त्यांचे वेड. त्या तलावाच्या चित्रांवर त्यांनी इन्स्टाग्रामवर काही वर्षांत बऱ्यापैकी नाव मिळवले, आणि मग एके दिवशी ते खाते स्वतःच बंद करून टाकले. "साहेब, आता जे दाखवायचं ते कागदावर," एवढेच ते आम्हांस म्हणाले. या वैतागात तथ्य किती आणि त्रागा किती, हे त्यांच्या बोलण्यावरून न ठरवता चित्रांवरूनच ठरवावे, असे आम्हांस वाटले.

त्यांतील दोन चित्रांविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे. पहिले चित्र सायंकाळचे आहे. तलावावरून बदकांचा थवा उडत आहे, मागे टेकड्यांची काळी रेघ, आणि आकाशाचा नारिंगी रंग निसर्गास झेपेल त्याहून अंमळ गडद केलेला. या चित्रास हजारो लोकांनी पसंतीची खूण केली होती. मोबाईलच्या काचेवर ते खरोखरच मोहक दिसते. आम्हीही प्रथम तेथेच ते पाहिले होते आणि आम्हांसही ते आवडले होते. परंतु तेच चित्र हातभर कागदावर आले की पाहणाऱ्याची पंचाईत होते. एकदा पाहिले की संपले. डोळ्याने दुसऱ्यांदा कोठे जावे अशी जागाच त्यात नाही.

दुसरे चित्र सकाळचे. काठावर एक ढिवर जाळे सांधीत बसला आहे. त्याची पाठ आपल्याकडे आहे. जाळ्याचे एक टोक त्याने पायाच्या अंगठ्यात ताणून धरले आहे, आणि चित्राचा निम्मा भाग नुसत्या करड्या पाण्याने व्यापला आहे. मोबाईलवर हे चित्र म्हणजे एक मळकट डाग. कागदावर मात्र डोळा आधी त्या अंगठ्यावर जातो, तेथून ताणलेल्या दोऱ्यावरून हातावर येतो, आणि मग त्या पाण्याचा करडेपणा पहाटेच्या थंडीसारखा जाणवू लागतो. आमच्या मते साऱ्या संग्रहात हे चित्र श्रेष्ठ आहे. त्यास पसंती देणारे इतके थोडे होते, आणि त्यांतही सोयरेच इतके, की पुढे कित्येक महिने हे गृहस्थ सकाळी तलावावर गेलेच नाहीत. आमच्या दृष्टीने या प्रकरणातील खरी हानी ही होय. लोकांनी चांगले चित्र नाकारले, हे दुःख कलावंतास नवे नाही. परंतु येथे लोकांच्या अंगठ्याने चित्रकाराची सकाळच काढून घेतली.

यापुढील चित्रांत आणखी एक गोष्ट दिसते. 'स्वतःचा ब्रँड करा' असा उपदेश त्यांना जाणत्यांकडून मिळाला होता: रंग एकच ठेवा, रोज काहीतरी द्या, आपला चेहरा दिसू द्या. त्यानुसार तलाव हळूहळू मागे सरकतो आणि कॅमेरा गळ्यात घातलेले स्वतः छायाचित्रकार पुढे येतात. शेवटच्या काही चित्रांत तर ते पाण्याकडे पाहत उभे आहेत आणि ते चित्र दुसऱ्याच कोणी काढले आहे!

हा दोष एकट्या त्यांचा नव्हे. २०१० साली निघालेले इन्स्टाग्राम प्रारंभी केवळ छायाचित्रांचे होते. २०१२ साली फेसबुकने ते विकत घेतले. २०१६ पासून चित्रे काळाच्या क्रमाने न दाखवता यंत्राच्या हिशेबाने दाखवण्यास सुरुवात झाली. जुलै २०२० मध्ये, टिकटॉकवर बंदी येताच, भारतात 'रील' अवतरले. आणि २०२१ साली, आपण आता केवळ छायाचित्रांचे ठिकाण राहिलो नाही, असे त्याच्या प्रमुखानेच सांगून टाकले. ज्या बाजारात आपण दुकान मांडले त्याने आपला माल घेणेच सोडले, तर दुकानदाराने रुसावे की उठावे?

आमच्या घरांतील जुनी छायाचित्रे पाहावी. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात स्टुडिओचे नाव उठावाच्या अक्षरांत उमटवलेले असते. १८५० च्या दशकात एल्फिन्स्टन संस्थेत ही विद्या शिकून मुंबईत धंदा थाटणारे हरिश्चंद्र चिंतामण यांच्यापासून पुढे कोणीही जाहिरातीस विटाळ मानला नाही. फरक इतकाच की पाटी तेव्हा चित्राकडे बोट दाखवी. आता चित्रच पाटी झाले आहे आणि ते माणसाकडे बोट दाखवते. कीर्तीची इच्छा हीन आहे असेही आम्ही म्हणत नाही. नवेगावचा हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते, आणि लोकांनी त्यांस कोलासुर म्हणून देवही केले. पण त्या कीर्तीखाली पाणी आहे.

तथापि आमच्या स्नेह्यांचा संन्यास आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. पसंतीचे आकडे खोटे होते म्हणून ते रागावले, हे अर्धेच खरे. ते आकडे उतरू लागले म्हणूनही रागावले, आणि हे त्यांनी आमच्यापाशी मोकळेपणाने कबूल केले. शिवाय खाते बंद होताच लग्नांची कामे कमी झाली. घरी वृद्ध आईवडील आहेत. शिकागोत मुलांची आया म्हणून राबणाऱ्या व्हिव्हियन मायरचे (१९२६–२००९) उदाहरण हल्ली फार सांगितले जाते. एक लाखाहून अधिक छायाचित्रे तिने काढली आणि जवळजवळ कोणासच दाखवली नाहीत. २००७ साली तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा ती उजेडात आली. या मौनाची लोक पूजा करतात. आम्हांस मात्र तिची कीव येते. कारण 'येथे तू चुकलीस' असे सांगणारा एकही डोळस प्रेक्षक तिला लाभला नाही.

मारुती चितमपल्ली यांनी याच नवेगावात वनखात्याच्या नोकरीतली कित्येक वर्षे काढली. त्यांच्या पुस्तकांत 'मी' जागोजाग आहे, परंतु तो पक्ष्याच्या आड येत नाही. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ सालची पद्मश्री ही त्या दीर्घ पाहण्याच्या मागून चालत आली. त्याच वर्षी जूनमध्ये ते निवर्तले. ते लपून बसले नव्हते. लिहीत होते, छापीत होते, वाचकांस सामोरे जात होते.

म्हणून आम्ही आमच्या स्नेह्यांस सुचवले की लग्नाच्या कामांपुरती पाटी खुशाल पुन्हा लावावी, आणि तलावाची चित्रे तिच्यापासून दूर ठेवून चार जाणत्या माणसांस समक्ष दाखवावी. प्रथम ज्याचे चित्र त्यास. त्यावर ते हसले. जाळ्याचे चित्र त्यांनी त्या ढिवरास आधीच नेऊन दिले होते. म्हाताऱ्याने कागद बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "माही पाठच काहून काढली गा?" यावर काय उत्तर द्यावे हे त्यांना सुचले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा काठावर गेले, या खेपेस म्हाताऱ्याच्या समोरच्या बाजूने. ते चित्र अद्याप आमच्या पाहण्यात आलेले नाही.