हे ऐकलंस का? : विनोदवेड्यांची शिफारस आणि आपली समीक्षा

1991 साली चिंचवडच्या एका कारखान्यात मी कामाला होतो. तिथल्या एका सहकाऱ्याला मी पु. ल. देशपांडे यांच्या ‘अंतू बर्वा’ची कॅसेट ऐकायला दिली. तो तासगाव तालुक्यातला, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. देताना मी नेहमीचे वाक्य उच्चारले होते, ‘हसून हसून मरशील.’ दोन दिवसांनी त्याने कॅसेट परत केली आणि म्हणाला, ‘चांगलं हाय की. पर हसायचं कुठं ह्यात? म्हातारं येकटं पडलंय नव्हं.’

मला तेव्हा त्याची कीव आली होती. आता वाटते की त्या कथनाविषयी मी ऐकलेले सर्वांत अचूक समीक्षावाक्य तेच. रत्नागिरीच्या त्या तिरकस म्हाताऱ्याचे टोमणे आपण पाठ केले, पण तो घरात वीज का घेत नाही, तिच्या उजेडात त्याला काय बघावे लागेल, तिथे आपण फारसे थांबलो नाही. माझा सहकारी नेमका तिथेच थांबला होता. त्या दिवसापासून एका वहीत मी अशी बोलणी टिपून ठेवू लागलो : कोण कोणाला कुठला विनोदवीर ऐकायला सांगतो, कोणत्या शब्दांत सांगतो, आणि ऐकणारा परत येऊन काय म्हणतो. हा लेख त्या वहीच्या आधाराने लिहिला आहे.

मराठीत विनोदाची लेखी समीक्षा आहे, पण ती विनोदी वाङ्‌मयाची आहे. एकटा माणूस उभा राहून शेकडो लोकांना हसवतो, त्या कलेची समीक्षा बहुतांशी तोंडीच झाली. एसटीत, कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या मांडवात रसिकांनीच ती केली, आणि ‘गप्पा’ या सदरात मोडल्यामुळे ती कुणी गंभीरपणे घेतली नाही. वास्तविक शिफारस करणाऱ्याची पत पणाला लागलेली असते. वर्तमानपत्रातल्या परीक्षकाचे मत चुकले तर त्याला कुणी जाब विचारत नाही. मी दिलेल्या कॅसेटवर समोरचा हसला नाही तर अपमान माझा होतो.

ही पत पैशांत मोजली जाते असे ठिकाण पाहायचे असेल तर नारायणगावला जावे. जत्रांच्या हंगामाआधी तमाशाचे फड तिथे राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावची पंच मंडळी सुपारी द्यायला येतात. तिथे दोन वेळा मी नुसते ऐकत बसलो होतो. फडाचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. चौकशी होते ती सोंगाड्याची. गेल्या साली कुठल्या गावात कसा रंगला, गवळण-बतावणीत ताणतो की आटोपतो, पुढारी समोर बसला असेल तर जीभ आवरतो की सोडतो. ‘बायका उठून गेल्या नाहीत’ हे एक वाक्य तिथे प्रशस्तिपत्र म्हणून चालताना मी ऐकले. चुकीची शिफारस झाली तर वर्गणी देणारे गाव पंचांना वर्षभर बोल लावते. इतकी जबाबदार समीक्षा छापील मराठीत मला क्वचितच भेटली.

शिफारशीने एखाद्याचे आयुष्य कसे वळते याची दादा कोंडके यांच्याविषयीची हकीकत प्रसिद्ध आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’चे मुंबईतले प्रयोग आशा भोसले आवडीने पाहत आणि त्यांनीच भालजी पेंढारकरांकडे कोंडक्यांचे नाव काढले, असे सांगतात. त्यातून 1969 चा ‘तांबडी माती’ आला आणि पुढचा सगळा पसारा. इथे आशाबाईंची थोरवी क्षणभर बाजूला ठेवावी. वग एकच असूनही तो पुन्हा पुन्हा पाहावा असे कुणालाही का वाटले असेल? ‘आज काय म्हणतो बघू’ हेच त्याचे कारण. ताज्या बातमीवर कोंडके काय जोडतात ते पाहायला माणसे परत जात आणि घरी येऊन ती जोडणी दुसऱ्याला सांगत. म्हणजे शिफारस नाटकाची नव्हतीच, त्या एका रात्रीची होती.

कॅसेटने हे बदलले. 1961 साली पुलंनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली, तेव्हा ती पाहायला थिएटरात जाऊन बसावे लागे. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत फिरले, तेही समोर बसूनच ऐकायचे. माझ्या पिढीला यातले बरेचसे टू-इन-वनमधून मिळाले आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट आपसूक मिळाली : मुद्रणातल्या प्रेक्षकांचे हसू. याचा विचार कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. ‘म्हैस’ ऐकताना एसटीखाली आलेल्या म्हशीभोवती प्रवाशांची जुंपते, तेव्हा कुठे हसायचे हे आपण कधी स्वतः ठरवलेच नाही. एका सभागृहातल्या, बहुधा पांढरपेशा, श्रोत्यांनी ते आधीच ठरवून ठेवले होते. आपण त्यांच्या हशात आपला हशा मिसळला. ‘अंतू बर्वा’चेही तेच झाले. कॅसेटमधले लोक हसत होते म्हणून मीही हसत होतो. माझ्या सहकाऱ्याला त्या सभागृहाची सवय नव्हती, म्हणून त्याला म्हातारा दिसला.

वहीतल्या शब्दांकडे वळतो. सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘निखळ’. ‘निखळ विनोद आहे, घरात सगळ्यांसोबत ऐकता येतो.’ वरवर पाहता ही स्तुती आहे. पण हा शब्द कुणासाठी वापरला गेला आणि कुणासाठी नाही हे पाहू लागलो तेव्हा मी अस्वस्थ झालो. शहरी, प्रमाण मराठीत बोलणाऱ्याचा द्व्यर्थी शब्द ‘मिश्किल’ ठरतो, आणि तोच सोंगाड्याच्या तोंडी आला की ‘चावट’, फार तर ‘ग्राम्य’. गंमत म्हणजे ‘ग्राम्य’ म्हणणाऱ्यांपैकी अनेक जण खेड्यातच वाढलेले. बाईने हसवले तर वेगळीच मोजपट्टी निघते. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’तल्या नम्रता संभेराव यांच्याविषयी एका गृहस्थांनी मला सांगितले, ‘बाई असून काय टायमिंग आहे!’ या ‘असून’मध्ये आपली किती समीक्षा मुरलेली आहे ते ज्याने त्याने पाहावे. (‘टायमिंग’ला आपल्याकडे चांगला शब्द रूढ झाला नाही. गाण्यातली ‘जागा’ जवळ जाते, पण विनोदी नटाची जागा श्रोत्यांच्या हशावर सरकते, गवयाची तितकी नाही.)

याला छेद देणारे मोठे उदाहरण लक्ष्मण देशपांडे यांचे. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाने 1979 पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ केले. एकटा नट, 52 पात्रे, आणि मराठवाड्याची बोली. पुढे गिनीज बुकानेही दखल घेतली, पण मराठवाड्यातल्या माझ्या मित्रांनी गिनीजचे नाव घेऊन ते मला कधी सुचवले नाही. त्यांची शिफारस अशी असे : ‘ऐक, आमच्याकडं असंच बोलतात.’ पुण्यातला माणूस शिफारस करताना विनोदाची प्रत सांगतो, परभणीचा माणूस त्यातली स्वतःची ओळख सांगतो. या दोन शिफारशी एका मापाने मोजता येणार नाहीत. माझे स्वतःचे मत विचाराल तर ‘वऱ्हाड’ काही ठिकाणी लांबते आणि आवाज बदलण्याच्या करामतीवर जरा जास्त विसंबते. तरीही पोटातून हसू फुटते ते त्यातल्या बोलीमुळेच, असे मला वाटते.

आता काळ पाच मिनिटांच्या तुकड्यांचा आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’च्या आसपास मराठीतून उभ्याने विनोद करणारी तरुण मुले-मुली पुढे आली. माझी भाची मला फोनवर तुकडे पाठवते आणि सोबत लिहिते, ‘मामा, हा एवढाच बघ, बाकीचा शो नको.’ ही शिस्त मला आवडते. आमच्या पिढीला भक्ती जमली, निवड जमली नाही. पुलंचे काही सुमार आहे असे बोलण्याची आमच्यात हिंमत नव्हती. उलट प्रत्येक नव्या मुलाला ‘पुलंची सर नाही’ या एका वाक्यात आम्ही परत पाठवले. यात पुलंचा दोष नाही. स्वतःच्या कारकुनी, मध्यमवर्गी जगावर ते ज्या निर्दयपणे हसले, तसे हसायला नव्या मुलांना आम्ही जागा दिली नाही, हा दोष आमचा. माझाही. वहीच्या पहिल्या काही वर्षांच्या पानांवर मीच अनेक नावांपुढे ‘पाचकळ’ असा शेरा मारून ठेवला आहे, आणि त्यातल्या दोघांना मी पाहिलेदेखील नव्हते.

मात्र भाचीच्या पद्धतीत एक गोष्ट हरवते. तुकडा पाठवला की शिफारस करणाऱ्याचे काम संपते, त्याला स्वतःला काही करून दाखवावे लागत नाही. पूर्वी सांगणाऱ्याला थोडे तरी सादर करावे लागे, आणि त्या वेड्यावाकड्या सादरीकरणातूनच त्याला काय आवडले, काय नुसतेच ऐकीव आहे, ते कळे.

कॅसेट परत केली त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सहकाऱ्याला जरा खवचटपणे विचारले, ‘मग तुला हसू येतं तरी कशावर?’ तो म्हणाला, ‘काळू-बाळू.’ कवलापूरच्या त्या जुळ्या भावांचे नाव मला माहीत होते, पण मी त्यांना कधी पाहिले नव्हते, आणि पाहण्यासारखे काही असेल असेही वाटले नव्हते. त्याच्याकडे कॅसेट नव्हती. त्याने डबा बाजूला सरकवला, हेल्मेट डोक्यावर तिरके ठेवले आणि ‘जहरी प्याला’तले दोन्ही हवालदार एकट्याने करून दाखवायला लागला. एक वाक्य या खुर्चीवरून, उत्तर त्या खुर्चीवरून. मधेच विसरला, पुन्हा मागून सुरू केले. शेजारच्या टेबलावरचे उठून आमच्याभोवती उभे राहिले. भोंगा वाजला तेव्हा माझ्या ताटातली भाजी तशीच होती आणि तो सांगत होता, ‘आवंदा जत्रंला चल. खरं ते तिथं बघ.’

मी गेलो नाही. त्या साली नाही आणि पुढेही नाही.