लाडू पडद्यावर आला, सुकट कुठे गेली?

मागच्या वेळी नमुना निवडीबद्दल, म्हणजे आपल्या सॅम्पलिंगबद्दल लिहिलं तेव्हा दोघातिघांनी विचारलं, हे फक्त लॅबमध्येच लागतं का? म्हणून आज केमिस्ट्री जरा बाजूला ठेवतेय (पूर्ण नाही, सवय जात नाही) आणि परदेशातल्या देशी कुटुंबांच्या विनोदाकडे वळतेय. जेवण, आई, पाहुणे, वास, हे त्या विनोदाचं ठरलेलं सामान. तुम्हीही रील्समध्ये रोज बघता.

सुरुवात चांगल्या कामापासून करू. बीबीसीवर ‘गुडनेस ग्रेशस मी’ नावाचा कार्यक्रम होता. १९९६ ला रेडिओवर आला, १९९८ ला टीव्हीवर. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि मूळची मुंबईची नीना वाडिया. त्यातलं ‘गोइंग फॉर ॲन इंग्लिश’ हे प्रहसन शोधून बघाच. इंग्लंडमध्ये शुक्रवारी रात्री पोरं पिऊन ‘इंडियन’ खायला जातात, वेटरच्या नावाची वाट लावतात आणि सगळ्यात तिखट डिश मागून मर्दुमकी दाखवतात. प्रहसनात हेच उलटं होतं. मुंबईची भारतीय टोळी इंग्लिश रेस्टॉरंटमध्ये जाते आणि मेन्यूतली सगळ्यात मिळमिळीत डिश कोणती ते विचारते. मला ते एखाद्या नीट आखलेल्या प्रयोगासारखं वाटतं. बाकी सगळं तेच ठेवलंय, फक्त कोण गिऱ्हाईक आणि कोण वेटर एवढं एकच बदललंय. एकच गोष्ट बदलल्यामुळे हसू नेमकं कशातून येतंय ते लख्ख दिसतं. वाडियाने केलेली आईही तशीच धमाल. बाहेर खायला चला म्हटलं की हे मी घरी फुकटात करीन, फक्त एक छोटं वांगं आणा, हा तिचा हेका. ही बाई आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

आता आपलं, मराठी उदाहरण. गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’, २०१२. सिनेमा हिंदी, पण घर पुण्याचं. शशी गोडबोले घरी लाडू करून विकते. भाचीच्या लग्नासाठी ती न्यूयॉर्कला बहिणीकडे जाते आणि गुपचूप इंग्रजीचा क्लास लावते. नवरा इतरांसमोर कौतुकाच्या सुरात सांगतो की बायकोचा जन्मच लाडू करण्यासाठी झालाय. सगळे हसतात, ती हसत नाही. ती मोडक्या इंग्रजीत म्हणते की पुरुषाने स्वयंपाक केला की ती कला, बाईने केला की कर्तव्य. आणि ऐन परीक्षेच्या दिवशी लग्नाचे लाडू जमिनीवर पडतात, ती परीक्षा सोडून पुन्हा वळायला बसते. कौटुंबिक विनोदाचं बिल कोण भरतं हे इतक्या साध्या प्रसंगात दाखवणारा दुसरा सिनेमा मला चटकन आठवत नाही. माझ्या आईने हा प्रसंग बघताना टीव्हीचा आवाज कमी केला होता. का, ते मी विचारलं नाही.

पण थांबा. लाडूच का? लाडू विमानात नेता येतो. लाडू गोऱ्या पाहुण्यांच्या हातात ठेवता येतो. मुख्य म्हणजे लाडवाचा वास कुणाला खुपत नाही. परदेशातल्या आपल्या खाण्याची गोष्ट सांगायची तर हा अगदी सोयीचा नमुना आहे. आणि सोयीचा नमुना घेतला की काय होतं, ते मागच्या वेळी बोललोच आहोत.

मी माहुलची. आमच्या कपाटात सुका जवळा आणि बोंबील बारा महिने असतात. एमएस्सीला असताना एकदा डब्यात जवळा नेला, तर फ्रिजवर चिठ्ठी लागली: ‘इथे मासे ठेवू नयेत.’ गंमत अशी की त्याच मजल्यावर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉलची बाटली दिवसातून चारदा उघडायची. ज्यांनी ते हुंगलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. त्यावर चिठ्ठी नव्हती, कारण तो ‘कामाचा’ वास.

माशाच्या वासामागे मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन असतं. समुद्री माशाच्या शरीरात त्याचं ऑक्साइड असतं, त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेला की जिवाणू त्याचं अमाइन करतात. आपलं नाक ते हवेत अब्जात एक भागापेक्षा कमी असलं तरी पकडतं. म्हणजे वास खरा आहे, कुणी कल्पना करत नाही. पण तो ‘घाण’ आहे हे नाक ठरवत नाही. माहुलला रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या वासावर २०२० साली हरित लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरायला सांगितले. त्याआधी लोकांना वर्षानुवर्षं तक्रारी कराव्या लागल्या, मोजमापं व्हावी लागली. जवळ्याला एक चिठ्ठी पुरली.

बोंबलाची गोष्ट तर प्रहसन वाटावी अशी. १९९७ ला युरोपीय संघाने ‘बॉम्बे डक’ची आयात बंद केली, कारण तो कारखान्यात नाही, उघड्यावर वाळवतात. ब्रिटनमधल्या खवय्यांनी तो वाचवायला मोहीम काढली, पुढे मान्यताप्राप्त केंद्रात पॅक करायच्या अटीवर तो परत आला. एवढा ऐवज हाताशी असून आपल्याकडच्या कुणी त्यावर सिनेमा केला नाही!

आता माझा खरा आक्षेप. माझी मामेबहीण न्यू जर्सीला असते. तिथे तिने एकदा बोंबील तळले, स्मोक अलार्म वाजला, आणि शेजाऱ्याने तक्रार केली. हा किस्सा आमच्या फॅमिली ग्रुपवर तीन वर्षं फिरतोय: गोरा शेजारी नाक धरून दारात, ताई हातात झारा घेऊन सॉरी म्हणतेय. मीही खूप हसलेय. या लेखासाठी तिला फोन करून नीट विचारलं, तेव्हा कळलं की तक्रार करणारा गोरा नव्हताच. वरच्या मजल्यावरच्या मराठी काकू होत्या. त्यांनी सौम्यपणे विचारलं होतं, “तुम्ही रोज करता का हे?” मग गोरा कुठून आला? “अगं, काकू सांगितलं की कुणी हसायचं नाही. सगळे गप्प व्हायचे.”

म्हणजे तिनेही ‘गोइंग फॉर ॲन इंग्लिश’सारखीच अदलाबदल केली, फक्त उलट्या कारणासाठी. तिथे पात्रं बदलल्यावर दडलेलं उघडं पडलं, इथे उघडं होतं ते झाकलं गेलं. ‘आपल्या जेवणाला ते नाक मुरडतात’ या विनोदातलं ‘आपलं’ मला म्हणूनच संशयास्पद वाटतं. मुंबईत मासे खाणाऱ्याला भाड्याने घर देताना जे कुटुंब आढेवेढे घेतं, तेच परदेशी गेल्यावर फोडणीच्या वासाने पहिल्यांदा ओशाळतं आणि त्यावर विनोद करतं. विनोद खराच असतो. पण ही वेळ आपण घरी दुसऱ्यावर आणत होतो, हे आठवण्याच्या एक पाऊल अलीकडे तो थांबतो.

माझं चुकत असेल तर कसं कळेल? परदेशी मराठी घरातल्या सुकटीवरचा एखादा विनोद दाखवा, ज्यात नाक मुरडणारा आपलाच आहे आणि मंडळातले लोक तरीही हसलेत. एक जरी सापडला तरी मी माझं म्हणणं दुरुस्त करीन. रील चालेल, एकांकिका चालेल, गणपतीतलं स्किटसुद्धा चालेल.

मामेबहिणीला विचारलं, हे सगळं लिहू का? म्हणाली, “लिही ना. फक्त आमच्या बिल्डिंगचं नाव नको, काकू वाचतात मराठी.”