मत कुजवणारे आणि आपली कविता

'सिंहासन' परत एकदा बघा. १९७९ चा जब्बार पटेलांचा सिनेमा, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. मुख्यमंत्री आहे, अर्थमंत्री आहे, कामगार पुढारी आहे, सगळ्यांची लफडी पाहणारा पत्रकार दिगू आहे. मत देणारा माणूस मात्र कडेला. सिनेमा जबरी आहे, पण खेळ सगळा वरच्यांचा.

आपल्या कवितेत तरी काय वेगळंय? पुढाऱ्याला आपण ओळीओळीत सोलतो. देणारा हात दिसतो, घेणारा दिसतच नाही. दिसलाच तर भुकेला म्हणून, आणि मग त्याला काही विचारायचं राहून जातं.

भूमला निकालानंतर खव्याच्या भट्टीवर बसा आणि भाषा ऐका. कत्तल की रात, लक्ष्मीदर्शन, पाकीट. शब्दांना तोटा नाही. पण 'त्या गल्लीनं घेतलं', 'तिकडं वाटले', 'त्यांची वस्ती फुटली.' 'म्या घेतलं' कुणीच म्हणत नाही. सगळा व्यवहार दुसऱ्याच्या गल्लीत.

शिकलेले काय वेगळं बोलतात? २०२४ ला लोकसभेत मार खाल्लेले म्हणाले, संविधान बदलणार हा खोटा प्रचार नडला. विधानसभेत मार खाल्लेले म्हणाले, लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांनी मतं फिरवली. दोघांच्याही हिशोबात मतदार बिनडोक. संविधानाची भीती हवेतून आली नव्हती, भाजपचे कर्नाटकातले खासदार अनंतकुमार हेगडे मार्चमध्ये तसं बोललेच होते. पण त्यावर आपल्या सभांमधून किती मसाला चढला, हे आपल्यातलं कोण बोलतं? आपल्यासारखा निकाल लागला की जनता शहाणी, उलटा लागला की विकली गेली. ही समीक्षा नव्हे, सोय आहे.

यापेक्षा कडक माप आपल्याच घरात आहे. १९५२ ला उत्तर मुंबईत बाबासाहेब काँग्रेसच्या काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी हरले. मतदारसंघ दोन जागांचा, मतदाराला दोन मतं. दोन्ही एकालाच दिली तर एक बाद. यालाच मत कुजवणं म्हणायचे. ७४,३३३ मतं बाद झाली. कम्युनिस्टांनी लोकांना मतं कुजवायला लावली, अशी तक्रार बाबासाहेब आणि अशोक मेहतांनी न्यायाधिकरणाकडं नेली. निकाल काही बदलला नाही.

दोनच वर्षांनी, १९५४ ला, भंडाऱ्याची पोटनिवडणूक. तिथंही दोन मतं. मेहतांना द्यायचं दुसरं मत आपल्या लोकांनी कुजवावं, म्हणजे बाबासाहेब पुढं जातील, असा आग्रह आपल्याच कार्यकर्त्यांनी धरला, असं त्या काळचे लोक सांगत आले. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. मेहता निवडून आले, बाबासाहेब पुन्हा पडले.

जयंतीच्या भाषणात ही गोष्ट टाळ्यांसाठी येते. वक्ता महामानवाचा मोठेपणा सांगतो आणि खाली बसतो. कार्यकर्ते गोष्टीतून कधीच पसार झालेले असतात. जी खेळी आपल्यावर झाली म्हणून ओरडलो, तीच दोन वर्षांनी हातात घ्यायला निघालेली ती माणसं वाईट नव्हती. प्रेमापोटीच निघाली होती. नकार ऐकून मुक्कामावर परतताना ती आपसात काय बोलली असतील, यावर आपली एक कविता अजून माझ्या वाचनात नाही.