‘तो धडा तं सहावीत झाला’

मंडळी, काही वर्षांपूर्वी याच भागातल्या एका शाळेत मी दहावीच्या मुलांशी बोलायला गेलो होतो. विचारलं, ‘तुमच्या गावात मागची ग्रामसभा कधी झाली?’ सगळे गप्प. मग एक पोरगा म्हणाला, ‘सर, तो धडा तं सहावीत झाला.’ वर्ग हसला, मीही हसलो. पण त्यानं आपल्या अभ्यासक्रमावर नेमकं बोट ठेवलं होतं.

बघा ना. स्थानिक शासन सहावीत. सातवीत संविधानाची ओळख, आठवीत संसद, नववीत परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे, दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी. गावापासून जगापर्यंतची चढण. कागदावर छानच दिसते. पण 11 वर्षांचं मूल ग्रामपंचायत पाठ करतं, आणि त्याला काही कळायला लागतं तेव्हा गाव पुस्तकातून गेलेलं असतं.

ॲरिस्टॉटल म्हणतो, राज्यशास्त्राच्या व्याख्यानाला तरुण श्रोता योग्य नाही; त्याला जगण्याचा अनुभव नसतो. हे ऐकून काहीजण म्हणतील, मग शिकवूच नका. मला उलट वाटतं. अनुभव नसेल तर आधी तो द्या. नुसत्या व्याख्या देऊन तो येत नाही.

गणपूर्तीचंच घ्या. ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांत जो आकडा कमी, तेवढे लोक लागतात. हे पाठ करता येतं. पण गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, की पुढच्या सभेला गणपूर्ती लागतच नाही! खरं राजकारण या दुसऱ्या वाक्यात आहे. ते कळायला एकदा तरी त्या रिकाम्या सतरंजीवर जाऊन बसावं लागतं.

आणि साधनं कुठून आणायची म्हणता? या गावाला लोक ‘जऊळका रेल्वे’ म्हणतात. मुलांना घेऊन निघा. रेल्वे स्टेशन हा केंद्रसूचीतला विषय. पोलीस स्टेशन राज्यसूचीतलं. तुमची शाळा समवर्ती सूचीतली, तीही 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीपासून. घरचा नळ? अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी जे 29 विषय आहेत, त्यांत पिण्याचं पाणी आहे. संघराज्य एका सकाळी पायी फिरून होतं. मग प्रश्न विचारा: नळाला पाणी नाही, तर तक्रार कोणाकडे?

शिक्षकांना मी दोष देत नाही. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुणांचा एक पेपर, त्यातही राज्यशास्त्राचा वाटा धाकटा. ‘चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’ यातलं कारणसुद्धा गाईडमधून पाठ करून येतं. शिवाय भीती आहे, ती कोणी बोलत नाही. संस्थाचालक आणि सरपंच एकाच घरातले असले, तर ‘तक्रार कोणाकडे’ हा प्रश्न वर्गात विचारायचा कोणी?

त्या दहावीच्या मुलांना मी एक काम दिलं होतं. ग्रामपंचायतीत जा आणि मागच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात पाण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून या. दोन मुली गेल्या. तिथं त्यांना इतिवृत्त मिळालं नाही. ‘कोणत्या सरांनी पाठवलं?’ एवढंच विचारलं गेलं. संध्याकाळी मला हेडमास्तरांचा फोन आला. फार नम्रपणे म्हणाले, ‘सर, पुढच्या वेळी विषय थोडा वेगळा घेऊ.’