शस्त्रबंदी व जुलूम : एका रूढ मताचें परीक्षण

इ. स. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी प्रजा निःशस्त्र झाली, म्हणूनच परकी अंमल टिकला. प्रजेच्या हातीं बंदूक असती तर जुलूम झालाच नसता, असें मत आपल्या इतिहासलेखनांत वारंवार आढळतें. राष्ट्रीय सभेनें १८८७ च्या मद्रास अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव केल्यापासून त्यास प्रतिष्ठाही आली. कायदा पक्षपाती व मानहानिकारक होता, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु अन्याय सिद्ध झाला म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला असें होत नाहीं.

पहिली अडचण कालक्रमाची. १८१८ सालीं पेशवाई बुडाली तेव्हां हा कायदा नव्हता. गांवोगांव तलवारी, भाले व तोड्याच्या बंदुका होत्या, तरी राज्य गेलें. त्याच सुमारास पेंढाऱ्यांच्या हातच्या शस्त्रांनीं जुलूम आवरला नाहीं, उलट रयतेवर लादला.

दुसरी अडचण कोडगूची. १८३४ त खालसा झालेल्या या प्रांतांतील कोडव लोकांस राजनिष्ठेची कदर म्हणून १८६१ पासून शस्त्रबंदींतून सूट होती. बंदूक घरांत राहिली, तरी इंग्रजी अंमलही राहिला. सरकारनें शस्त्र ठेवूं दिलें तें भीतीनें नव्हे, विश्वासानें.

तिसरें उदाहरण वासुदेव बळवंत फडके यांचें. कायदा होऊन वर्ष भरण्यापूर्वींच, १८७९ च्या फेब्रुवारींत, त्यांनीं बंडाचें निशाण उभारलें. शस्त्रें मिळालीं, मिळालें नाहीं तें द्रव्य व लोकांचें एकदिल पाठबळ. जुलैंत ते पकडले गेले आणि १८८३ त एडन येथें निवर्तले.

प्रतिपक्षाची एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. १८५७ च्या उठावानंतर अयोध्या प्रांतांत हत्यारें काढून घेण्याची जी मोहीम झाली, तिजवरून सशस्त्र प्रजेचा धाक राज्यकर्त्यांस होता हें दिसतें. पण धाक वाटणें निराळें आणि जुलूम थांबणें निराळें. शस्त्र हें संघटनेच्या हातीं बळ असतें. विस्कळित समाजाच्या हातीं तें कधीं शोभा, तर कधीं शेजाऱ्यावरील आपत्ति होतें.

१९५९ च्या कायद्यानें जुना कायदा रद्द झाला. त्याबरोबर जुने परवाने रद्दींत जाण्याची भीति आहे. संग्राहकांस आमची विनंति कीं, घरची तलवार जपतां तसा तिचा परवाना, जप्तीची पावती व त्यासंबंधीं मोडी पत्रेंही जपावीं. या प्रश्नाचा निकाल घोषणांनीं नव्हे, त्या कागदांनींच लागेल.