भोपळ्याच्या मळ्यात बसलेला लायनस

आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी देवाची चित्रं येतात. मी ती न बघताच पुढे जातो. त्याच फोनवर ‘पीनट्स’ ही जुनी अमेरिकन कॉमिक स्ट्रिप वाचताना मात्र श्रद्धेचा विषय आला की माझा अंगठा थांबतो. मी ख्रिस्ती नाही, तरीही थांबतो. हा फरक कशामुळे पडतो?

चार्ल्स शुल्झनं ‘पीनट्स’ १९५० ते २००० अशी जवळजवळ पन्नास वर्षं काढली. एके काळी तो चर्चमध्ये बायबलचे वर्गही घ्यायचा. त्याचा लायनस म्हणजे ब्लँकेट कवटाळून अंगठा चोखणारा, पण बायबलमधली वचनं सहज सांगणारा पोरगा. १९५९पासून या लायनसची आणखी एक श्रद्धा आहे. हॅलोवीनच्या रात्री ‘ग्रेट पम्पकिन’ सगळ्यात सच्च्या मळ्यातून वर येतो आणि मुलांना भेटी वाटतो, अशी त्याची खात्री. तो भोपळ्याच्या मळ्यात वाट बघत बसतो. कुणी येत नाही. बाकीची मुलं हसतात. पुढच्या वर्षी तो पुन्हा बसतो.

लायनस चुकतोय हे आपल्याला ठाऊक असतं, पण त्याचं वाट बघणं खोटं वाटत नाही. शिवाय सांताक्लॉज मानणारा चार्ली ब्राउन त्याला वेड्यात काढतो, तेव्हा वेड्यात काढणाऱ्याची बाजूही फार भक्कम राहत नाही. शुल्झ श्रद्धा अशा माणसाच्या हाती देतो, ज्याचं हसं होऊ शकतं.

आता जॉनी हार्टची ‘बी.सी.’ बघा. १९५८ला सुरू झालेली ही स्ट्रिप गुहेतल्या माणसांची. नावातच ‘ख्रिस्तपूर्व’. पण १९८०च्या दशकात हार्टची श्रद्धा नव्यानं जागी झाली आणि सणावारी या स्ट्रिपमध्ये ख्रिस्त येऊ लागला. २००१च्या ईस्टरला त्यानं ज्यूंचा सात फाट्यांचा दीप, म्हणजे मेनोरा काढला. एकेक ज्योत विझत जाते, सोबत येशूचे क्रुसावरचे शेवटचे शब्द येतात, आणि अखेर फाटे जाऊन क्रूस उरतो. काही वृत्तपत्रांनी ती स्ट्रिप छापली नाही. आमचा धर्म संपला आणि त्याच्या जागी तुमचा आला, असाच अर्थ अनेक ज्यू वाचकांना दिसला. आपल्याला दोन्ही धर्मांचा मान राखायचा होता, असं हार्ट म्हणाला. त्याच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. पण चित्रात जे उरतं, ते क्रूसच.

वृत्तपत्रातल्या विनोदाच्या पानावर धर्म नकोच, असं म्हणणं सोपं आहे. तो नियम लावला तर लायनसलाही मळ्यातून उठवावं लागेल. माझी अडचण वेगळी आहे. स्ट्रिपची शेवटची चौकट आधीच्या चौकटींना धक्का देते. त्यातूनच हसू येतं. प्रवचनाची शेवटची चौकट मात्र आधीच ठरलेली असते. हार्टच्या त्या ईस्टरच्या चित्रात उलट बोलणारं कुणीच नाही. लायनसच्या शेजारी कुणी ना कुणी असतंच.

शुल्झच्या एका स्ट्रिपमध्ये स्नूपी ईश्वरशास्त्रावर पुस्तक लिहायला बसतो. त्याला सुचलेल्या नावाचा आशय असा: आपलं चुकत असेल, असं तुमच्या कधी मनात आलंय का? हा प्रश्न हार्टला विचारून मी मोकळा होणार होतो. पण आमच्या ग्रुपवर पहाटे पाचला चित्रं टाकणारी मावशी आठवली. त्या चित्रांत कुणी लायनस नसतो, हे खरं. पण ती पाठवणारीच कसली वाट बघत असते का, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.